ऊष्माजनक प्रथिन, तपकिरी वसेतील
तपकिरी वसा-ऊतकाच्या कलकणूंत (कोशिकेतील ऊर्जानिर्मिती करणाऱ्या सूक्ष्म घटकांत) आढळणारे, सु. ३३,००० रेणुभाराचे प्रथिन. यास थर्मोजेनीन असेही म्हणतात. कलकणूच्या आतील पटलाबाहेर गेलेले प्रोटॉन परत येताना एरवी एटीपी हे ऊर्जासंचयी संयुग तयार होते. या प्रथिनामुळे ते आडवाटेने आत येतात व ऊर्जा उष्णतेच्या रूपाने मुक्त होते. नवजात अर्भके व शीतनिद्रा घेणारे सस्तन प्राणी यांना ही उष्णता विशेष उपयोगी पडते.

मापन : डी. जी. निकल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये हे प्रथिन ओळखले. ग्वानोसीन डायफॉस्फेट त्यास चिकटून त्याचे कार्य रोखते. म्हणून प्रारंभी किरणोत्सर्गी ग्वानोसीन डायफॉस्फेट किती बद्ध होते, ते मोजीत. तथापि प्रथिनाचे प्रमाण कायम असतानाही हे बंधन बदलते, असे आढळले. १९८३ च्या सुमारास प्रतिपिंडांवर आधारित पद्धती आल्या व प्रत्यक्ष प्रमाण कळू लागले. थंडीत ऊतकही वाढत असल्याने कलकणूंतील प्रमाणाबरोबरच संपूर्ण ऊतकातील एकूण प्रमाण काढणे आवश्यक असते.

प्रौढ माणसांतील क्रियाशील तपकिरी वसा २००९ मध्ये पॉझिट्रॉन-उत्सर्जन चित्रण व ऊतक-परीक्षा यांनी सिद्ध झाली. अशा चित्रणात सामान्यतः ग्लुकोजसदृश द्रव्याचे शोषण दिसते, प्रथिन नव्हे. प्रथिनाचे अस्तित्व, प्रमाण व क्रियाशीलता या तीन भिन्न बाबी आहेत. त्यामुळे एखाद्या औषधाने प्रथिन वाढले, एवढ्यावरून लठ्ठपणा कमी होईल असे ठरत नाही. त्यासाठी ऑक्सिजनाचा वापरही मोजावा लागतो.