बैल घेताना चौघांना, सोयरीक जुळवताना कुणाला?

माळेगावच्या यात्रेत बैल घ्यायला एकटा आलेला माणूस सहसा दिसत नाही. लोहा तालुक्यातलं हे गाव नांदेड-लातूर रस्त्यावर आहे. मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते तेव्हा देवस्वारी, पालखी, कुस्त्या आणि लावण्यांइतकीच गर्दी जनावरांच्या बाजारात असते. घोडे, गाढवं, उंट आणि या भागाचं भूषण असलेली लाल कंधारी गुरं. पैसे ज्याच्या खिशात, त्याच्यासोबत हयात औतामागं घालवलेला एखादा मामा असतो, एखादा भाऊबंद असतो. वाटेवरचा अनोळखी माणूसही थांबतो आणि बैलाच्या जबड्यात डोकावतो. बैल आदत आहे, दोनदाती, सहादाती की जुळलेला, हे दातांवरून कळतं. साधारण दोन वर्षांच्या पुढं पक्क्या दातांची पहिली जोडी येते आणि चार-साडेचार वर्षांपर्यंत चारही जोड्या भरतात. पण भर चढावर बैल बसतो का, मारका आहे का, कोणत्या बाजूला जुंपला तर नीट चालतो, हे दातांवरून कळत नाही. ते विचारावंच लागतं.

हाळी-हंडरगुळीच्या जनावरांच्या बाजारातही हीच रीत. बैल विकत घेताना आपल्या भागातला शेतकरी फार शहाण्यासारखा विचारतो. बियाणं घेताना, बोअर पाडताना आणि लेकीची सोयरीक जुळवताना मात्र तोच माणूस वेगळ्या तऱ्हेनं विचारतो आणि बहुतेक वेळा फसतो. चार जणांना विचारावं, हे आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं. कसं विचारावं, हे कुणी शिकवत नाही.

जनावरांच्या बाजारापासूनच सुरुवात करू, कारण या विषयातला एक गाजलेला अभ्यासही बैलावरच झाला. १९०६ साली इंग्लंडमधल्या प्लिमथ इथं जनावरांचं प्रदर्शन भरलं होतं. तिथं एक धष्टपुष्ट बैल दाखवून पैज लावली होती: हा कापून साफ केल्यावर मांसाचं वजन किती भरेल? सहा पेनीचं तिकीट घ्यायचं आणि त्यावर आपला अंदाज लिहायचा. खाटीक होते, शेतकरी होते आणि बैलाशी काही संबंध नसलेले हौशे-गवशेही होते. फ्रान्सिस गाल्टन या शास्त्रज्ञानं नंतर ती तिकिटं मागून घेतली. वाचता येण्याजोगी ७८७ निघाली. ती चढत्या क्रमानं लावल्यावर मधोमध आलेला अंदाज होता १२०७ पौंड आणि खरं वजन भरलं ११९८ पौंड. फरक अवघा नऊ पौंडांचा, म्हणजे आपल्या हिशेबानं चार किलो. सामान्य माणसाच्या मताबद्दल गाल्टन फारसा आदर बाळगून नव्हता. तरीही १९०७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्यानं हा निकाल प्रामाणिकपणे छापला.

या गोष्टीतून ‘लोकांना विचारावं’ एवढाच अर्थ काढला तर खरी मेख सुटते. त्या ७८७ जणांनी आपापला आकडा कागदावर लिहिला होता. दुसऱ्यानं काय लिहिलं, हे कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणून कुणी वर चुकला, कुणी खाली चुकला आणि चुका एकमेकींत जिरल्या.

आपल्याकडच्या बाजारात हीच व्यवस्था रुमालाखाली असते. उपरणं किंवा रुमाल हातावर टाकायचा आणि खाली बोटं धरून भाव सांगायचा. तोंडानं कुणी काही बोलत नाही. सौदा गुप्त राहावा म्हणून ही पद्धत, हे खरंच. पण तिचा आणखी एक गुण मला मोठा वाटतो. पहिल्या गिऱ्हाइकानं काय किंमत केली ते दुसऱ्याला कळत नाही, त्यामुळं त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बैल पाहूनच किंमत ठरवावी लागते.

पारावर नेमकं उलटं घडतं. कुणीतरी विचारतं, “औंदा कापूस लावावा का सोयाबीन?” गावातला वजनदार माणूस सगळ्यांच्या आधी बोलतो, “कापसात काही राम नाही बघा.” त्यानंतर बसलेले दहाही जण माना हलवतात. विचारणाऱ्याला वाटतं, अकरा जणांनी सांगितलं. प्रत्यक्षात एकानंच सांगितलेलं असतं. झुरिकच्या संशोधकांनी २०११ मध्ये १४४ विद्यार्थ्यांवर हे तपासून पाहिलं. आकड्यांचे प्रश्न विचारले आणि काहींना इतरांचे अंदाज दाखवून पुन्हा उत्तर द्यायला सांगितलं. दाखवल्यावर सगळ्यांची उत्तरं एकमेकांच्या जवळ सरकली, पण ती अधिक बरोबर झाली नाहीत. प्रत्येकाचा आपल्या उत्तरावरचा भरवसा तेवढा वाढला. एकमत झालं म्हणजे खरं सापडलं, असं आपण फार लवकर धरून चालतो. चौघांना विचारायचं तर चौघांना वेगवेगळं गाठावं. एकाला बांधावर, एकाला आडतीवर, एकाला एसटीत.

आता बियाण्याकडं येऊ, कारण आपल्या भागात वर्षाचं गणित तिथंच ठरतं. शेतकरी माहिती कुठून घेतो, हे राष्ट्रीय नमुना पाहणीनं २००३ मध्ये देशभर विचारलं होतं. कुठल्याही स्रोताकडून आधुनिक शेतीची माहिती मिळते, असं सांगणारी कुटुंबं १०० पैकी ४० होती. त्यांचा सगळ्यांत मोठा स्रोत होता दुसरा प्रगतिशील शेतकरी, त्याच्या खालोखाल कृषी केंद्राचा दुकानदार आणि रेडिओ. हे फक्त आपल्याकडंच नाही. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मक्याचं संकरित बियाणं कसं पसरलं, याचा अभ्यास रायन आणि ग्रॉस या दोघांनी १९४३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी २५९ शेतकऱ्यांना विचारलं. बहुतेकांना नव्या बियाण्याची खबर पहिल्यांदा दिली विक्रेत्यानं, पण पेरायला तयार केलं ते शेजाऱ्याच्या रानानं. ऐकल्यापासून पेरेपर्यंत मध्ये कित्येक वर्षं गेली. दुकानदार नाव सांगतो, शेजारी पीक दाखवतो. माणूस भरवसा ठेवतो तो पिकावर.

आणि तरीही शेजारी चुकीचा ठरू शकतो. अर्थशास्त्रज्ञ कैवान मुन्शी यांनी २००४ मध्ये भारतातल्या हरितक्रांतीच्या सुरुवातीच्या काळातली आकडेवारी तपासून एक बारीक गोष्ट दाखवली. गहू पेरणारे शेतकरी शेजाऱ्यांच्या अनुभवावरून नवं वाण झटपट उचलत होते. भात लावणारे शेजाऱ्याकडं फारसं पाहत नव्हते, ते आपल्याच रानात थोडं थोडं लावून बघत होते. कारण भाताच्या नव्या वाणांचा उतारा माती-पाण्याच्या लहानसहान फरकानंही बदलत होता, म्हणून एकाचा अनुभव दुसऱ्याला लागू पडत नव्हता.

लोहा-कंधारकडं तर हे रोज डोळ्यांसमोर आहे. बालाघाटाच्या माथ्यावर बरड, मुरमाड रान आणि उतारावरून खाली आलं की भारी काळी माती. लिंबोटी धरणाच्या पाण्यात भिजणारं रान वेगळं, आभाळाकडं बघणारं वेगळं. काळ्या रानातल्या माणसाला “तुझं सोयाबीन कसं झालं?” असं विचारून बरडावर तेच वाण पेरणं म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्यातून वाट शोधणं. त्यात आपल्याकडची मोजायची पद्धतही गोंधळाची. “बॅगला किती झालं?” हा नेहमीचा प्रश्न. पण कुणाची बॅग एकरात पेरलेली असते, कुणाची सव्वा एकरात. एकाचे सात क्विंटल आणि दुसऱ्याचे सात क्विंटल सारखे नसतात. म्हणून रान कोणतं, पेरा कधी केला, पाऊस किती पडल्यावर केला, बॅग किती रानात गेली, हे चार प्रश्न आधी आणि उतारा शेवटी. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं या भागासाठी काढलेल्या ‘एमएयूएस’ मालिकेतल्या वाणांबद्दलही शेजाऱ्याला असंच विचारावं.

काही प्रश्न तर दुसऱ्याला विचारण्याचे नसतातच. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवलं नाही म्हणून तक्रारींचा पूर आला आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. बी उगवेल का, हे गोणपाट सांगतं. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडायचे, गुंडाळून ठेवायचं आणि आठवड्यानं मोजायचे. सत्तर उगवले तर पेरणीजोगं, त्याच्या खाली आले तर विचार करायचा. जे स्वतः मोजता येतं, ते पारावर नेऊ नये.

बोअरच्या बाबतीत अडचण आणखी खोल आहे. लोहा-लातूरकडचा बराचसा भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा. या खडकात पाणी असतं ते भेगांत आणि झिजलेल्या थरांत. त्यामुळं एका बोअरला धो धो पाणी आणि तिथून शंभर फुटांवरच्या दुसऱ्या बोअरला नुसती धूळ, असं सर्रास होतं. पाणाड्या नारळ तळहातावर ठेवून किंवा झाडाची दुबेळकी फांदी धरून रानात फिरतो आणि त्याची ख्याती ऐकून लोक त्याला बोलावतात. ही ख्याती बनते कशी, ते पाहा. ज्याला पाणी लागलं तो गावभर सांगतो, पेढे वाटतो. ज्याचे लाखभर रुपये कोरड्या भोकात गेले, तो कुणाला सांगत नाही. दुःख तर असतंच, वर लोक हसतील ही भीती. विचारणाऱ्याच्या कानावर फक्त लागलेली बोअरं येतात. म्हणून पाणी कुणाला लागलं हे विचारण्याआधी, आपल्या शिवारात किती बोअरं फेल गेली, हे विचारायला हवं. फेल गेलेल्याच्या घरी जाऊन, त्याचा मान राखून विचारायला हवं. असा माणूस आपल्याला सगळ्यांत जास्त देऊन जातो आणि त्याच्याकडंच आपण कधी जात नाही.

सोयरिकीत हे सगळं एकत्र येतं. हल्ली मोबाइलवर बायोडाटा येतो: फोटो, शिक्षण, पगार, शेती किती, मामाकूळ कोणतं. आपण तो दहा वेळा वाचतो आणि मनाशी चित्र रंगवतो. हार्वर्डच्या डॅनियल गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी पुरुषाशी पाच मिनिटं भेट होणार होती आणि ती कितपत आवडेल याचा अंदाज तरुणींनी आधी सांगायचा होता. काही जणींना त्या पुरुषाचा फोटो आणि माहिती दिली. काही जणींना ते काहीच न देता, त्याला आधी भेटून आलेल्या एका मुलीला ती भेट किती आवडली, एवढंच सांगितलं. दुसऱ्या गटाचे अंदाज खूपच अचूक निघाले, चूक जवळपास निम्म्यावर आली. तरीही बहुतेक मुलींना अखेरपर्यंत वाटत राहिलं की फोटो आणि माहितीच जास्त उपयोगी.

याचा आपल्याकडचा अर्थ मला स्पष्ट दिसतो. मुलाकडच्या घराची चौकशी आपण मामाकडं, सोयऱ्याकडं, नोकरीच्या ठिकाणी करतो. त्याच घरात पाच वर्षांपूर्वी आलेल्या थोरल्या सुनेला मात्र कुणी विचारत नाही. विचारलंच तर सगळ्यांसमोर, सासूच्या देखत: “ताई, घर कसं आहे?” तिथं ती काय सांगणार? मुलीच्या मावशीनं किंवा काकूनं तिला एकटीला गाठावं. “घर कसं आहे?” असं मत न विचारता, “तुम्हाला माहेरी जायचं असतं तेव्हा कुणाला विचारता?”, “आजारी पडलात तेव्हा दवाखान्यात कोण घेऊन गेलं?” असं घडलेलं विचारावं. मत सांगताना माणूस सावरून बोलतो, पण घडलेलं सांगायला लागला की त्यात खरं उतरतं.

“ऐकावे जनाचे, करावे मनाचे” ही म्हण अशा वेळी हटकून पुढं येते. इलान यानिव आणि इलाय क्लाइनबर्गर यांनी २००० मध्ये दाखवलं की सल्ला मिळाल्यावरही माणूस स्वतःच्या अंदाजाला जास्त वजन देतो, थोडाच सरकतो. म्हणजे म्हणीचा उत्तरार्ध आपण न सांगताही पाळतो. अडतं ते पूर्वार्धावर. तरुण पोरं विचारतच नाहीत, ‘याला एवढंही येत नाही’ असं कुणी म्हणेल म्हणून. २०१५ मध्ये अॅलिसन वुड ब्रुक्स आणि सहकाऱ्यांनी हेही तपासलं. अवघड कामात सल्ला मागणारा माणूस, ज्याला सल्ला मागितला त्याच्या नजरेत जास्त कर्तबगार ठरतो.

आणि विचारायचं कुणाला, यात आपण बाईला धरतच नाही. झारखंड आणि ओडिशामधल्या आदिवासी गावांत ‘एकजुट’ या संस्थेनं २००५ ते २००८ मध्ये महिन्याला एकदा बायकांच्या बैठका घेतल्या. बाहेरचा डॉक्टर नाही, भाषण नाही. त्याच भागातली एक बाई बैठक चालवायची. बाळंतपणात काय घडलं, बाळ कशानं गेलं, हे बायकांनी गोष्टीरूपानं सांगायचं, चित्रं पाहायची, उपाय ठरवायचे. बैठका न झालेल्या गावांच्या तुलनेत तिथं नवजात बाळांचे मृत्यू तीन वर्षांत ३२ टक्क्यांनी कमी राहिले, शेवटच्या दोन वर्षांत ४५ टक्क्यांनी. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं ते छापलं.

लोह्याकडच्या शिवारात खुरपणीला आणि कापूस वेचायला जाणाऱ्या बायकांची टोळी एका हंगामात कितीतरी मालकांच्या रानात राबते. कोणत्या वाणाचं बोंड पटकन सुटतं, कुणाच्या रानात तण जास्त माजलं, कुणाचं सोयाबीन काढणीला येईपर्यंत शेंगा फुटून सांडलं, कोणत्या फवारणीनंतर त्यांच्या हातांना खाज सुटली, हे सगळं त्यांनी हातानं हाताळलेलं असतं. बरड आणि काळी, दोन्ही रानं त्यांनी तुडवलेली असतात आणि कोणत्याही कंपनीचं बियाणं त्यांना विकायचं नसतं. मालक त्यांना रोज विचारतो ते एवढंच: “उद्या किती जणी येताल?” मे महिन्यात, बी घ्यायच्या आधी, त्याच मावशीला आणखी दोन प्रश्न विचारता येतील: गेल्या साली तुम्ही ज्या ज्या रानात गेलात, त्यातलं कोणतं चांगलं होतं? आणि तिथं काय पेरलं होतं?