पान सुकलं म्हणजे पाणी कमी? : होयाची काडी रुजवताना

विषय ऐकून काही जण गालातल्या गालात हसले, ते आम्ही पाहिलं. जन्मभर न्यायदर्शन शिकवलं आणि आता दिघीत येऊन कुंडीतल्या वेलीवर बोलतात! पण आज आम्ही फार लांब गेलेलो नाही, हे थोड्या वेळाने तुमच्याही लक्षात येईल.

आधी वेलीची ओळख. होया म्हणजे जाड, गुळगुळीत पानांची आणि मेणाने बनवल्यासारख्या चांदणीच्या फुलांची वेल. सायन हाउस या इंग्लंडमधल्या वाड्याच्या बागेचे माळी टॉमस हॉय यांच्या नावावरून रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१० साली तिला हे नाव दिलं. एका माळ्याचं नाव शास्त्रात कायमचं राहिलं, ही आम्हाला फार आवडणारी गोष्ट आहे. कुळ म्हणाल तर आपल्या रुईचं, कण्हेरीचं, चाफ्याचं. म्हणून कापली की पांढरा चीक येतो. तो डोळ्याला लागू देऊ नका. नर्सरीत मिळते ती बहुधा चीन, तैवान, जपानकडची जात. पण आपल्या सह्याद्रीतही होयाची एक जात आहे, होया वायटी. ती रानात झाडांच्या खोडांवर चढलेली असते. तिला तिथेच राहू द्या, उपटून घरी आणू नका.

‘झाडांच्या खोडांवर’ हे शब्द नीट लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावर आहे. ही वेल जमिनीत राहणारी नाही. सालीच्या खाचेत साठलेला पालापाचोळा, पावसाचं येऊन निथळून जाणारं पाणी आणि भरपूर हवा एवढ्यावर तिची मुळं वाढतात. पाणी मिळेल तेव्हा ती जाड पानांत साठवून ठेवते. तिला चिकणमातीत गच्च लावणं म्हणजे माडावर राहणाऱ्या खारीला विहिरीत सोडण्यासारखं.

आणि नेमकं तेच आम्ही केलं. आमच्या घरची वेल मूळची थोरल्या वहिनींची. त्या गेल्या तेव्हा त्यांची म्हणून एवढीच एक वस्तू आमच्याकडे आली. ३ जून २०२०, तारीख इथे कुणाला सांगायला नको. निसर्ग वादळ या किनाऱ्यावर आलं, पडवीची कौलं उडाली, आणि वेल कुंडीसकट खाली येऊन कौलांच्या ढिगाखाली गेली. चार दिवसांनी बाहेर काढली. पानांवर खारं पाणी सुकून पांढरी पूड बसली होती. ती गोड्या पाण्याने धुतली, इथपर्यंत बरोबर. मग परसातली माती भरून मोठ्या कुंडीत लावली. पावसाळा लागला. श्रावणात पानं सुरकुतायला लागली. आम्ही म्हटलं, बिचारी तहानली आहे. रोज तांब्याभर पाणी घालू लागलो. पानं आणखी सुरकुतली, आम्ही दोन तांबे घालू लागलो.

आता आमचं अनुमान तपासू. ‘कुंडीत पाणी कमी आहे, कारण पानं सुरकुतली आहेत.’ न्यायशास्त्रात एक जुनं उदाहरण आहे. डोंगरावर धूर दिसला तर तिथे आग आहे म्हणता येतं. पण उलट, आग आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, असं म्हणता येत नाही. तापवलेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. धुरासाठी ओलं सरपण लागतं. ही जी न सांगितलेली अट, तिला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. पावसाळ्यात चूल पेटवलेल्या कोकणातल्या बाईला ओल्या सरपणाचं महत्त्व वेगळं शिकवावं लागत नाही. पण कुंडीपाशी उभं राहिलं की आपण सगळेच ही उपाधी विसरतो.

सुरकुतलेलं पान खरं तर एवढंच सांगतं की पानापर्यंत पाणी पोचत नाही. ते कुंडीत नाही म्हणून पोचत नाही, हा निष्कर्ष केव्हा खरा? मुळं शाबूत असतील तेव्हा. ती आपली उपाधी. मुळं कुजली असतील तर कुंडीत तळं असूनही पान तहानलेलंच राहतं. खूण एकच, कारणं दोन, आणि उपाय एकमेकांच्या अगदी उलट! एकात पाणी द्यायचं, दुसऱ्यात बंद करायचं. पानाकडे कितीही वेळ बघत बसलात तरी हे कळणार नाही. प्रत्यक्षच पाहिजे. कुंडी आडवी करा, वेल मातीसकट हलकेच बाहेर काढा, मुळं बघा.

घट्ट, पांढरट किंवा फिकट तपकिरी मुळं जिवंत. बोटांत धरून ओढल्यावर साल मोज्यासारखी निघाली आणि आत दोऱ्यासारखी शीर उरली, वास कुबट आला, तर ती गेली. मुळं चांगली असून माती कोरडी ठणठणीत असेल तर कुंडी अर्धा तास बादलीतल्या पाण्यात ठेवा, निथळू द्या. दोन-तीन दिवसांत पानं ताठ होऊ लागतात. काही जुनी पानं सुरकुतलेलीच राहतील, त्यांचा पिच्छा सोडा. थोडी मुळं कुजली असतील तर तेवढी कापा आणि लहान कुंडीत लावा. हो, लहानच; मोठ्या कुंडीत मुळांना न लागणारी ओल साचून राहते. आणि सगळीच गेली असतील तर ‘झाड वाचवायचं’ हा विचार सोडून द्या. आता वेलीचा जो भाग हिरवा आहे, त्याच्या काड्या करायच्या.

आमच्या वेलीची सगळीच गेली होती. वीतभर लांबीचे दोन हिरवे तुकडे हाती लागले. वहिनींचं म्हणून जे काही होतं ते तेवढं.

काडी कशी घ्यायची? होयाला पानं जोडीने फुटतात. जिथून फुटतात ती गाठ म्हणजे पेर. नवी फूट येते ती या पेराच्या डोळ्यातून. दोन किंवा तीन पेरं असलेला, फार कोवळा नाही आणि फार जून नाही असा तुकडा घ्या. स्पिरिटने पुसलेल्या ब्लेडने खालच्या पेराच्या अर्धा इंच खाली कापा. खालची पानं काढून टाका, चीक धुऊन टोक तासभर सुकू द्या. शेंड्याकडची बिनपानांची लांब काठी असते, ती काडीसाठी घेऊ नका. पण वाळकी समजून वेलीवरून छाटूही नका, पानं तिला मागाहून येतात.

इथे एक गंमत सांगतो. प्रेमदिनाच्या सुमारास दुकानात बदामाच्या आकाराचं एकच पान कुंडीत खोचून विकतात. ती होया केरी. त्या पानाला मुळं फुटतात, ते वर्षानुवर्षं हिरवं राहतं, पण पेराचा तुकडा सोबत नसेल तर त्याची वेल कधीच होत नाही. जिवंत आहे, वाढत मात्र नाही. छांदोग्य उपनिषदात उद्दालक श्वेतकेतूला सांगतो की ज्या फांदीला जीव सोडून जातो ती सुकते. या पानाबद्दल त्याला काय म्हणावं लागलं असतं, यावर आम्ही एक अख्खं सत्र घेऊ शकतो. आज नको.

काडीची दिशा उलटू देऊ नका. शेंड्याकडे आणि कोवळ्या पानांत तयार होणारं ऑक्सिन नावाचं द्रव्य खोडातून खाली सरकतं आणि कापलेल्या टोकाशी साठतं. त्याच्यामुळे तिथे मुळं धरतात. काडी उलटी खोचली तरी तिचं ‘खाली’ तेच राहतं.

पाण्यात रुजवायची तर एक पेर बुडेल एवढंच पाणी, दर तीन-चार दिवसांनी बदलायचं, आणि मुळं इंचभर झाली की कुंडीत. त्याहून लांबू देऊ नका. पाण्यातली मुळं नाजूक असतात, कुंडीत जाताना मोडतात. आम्हाला विचाराल तर थेट कुंडीच बरी: नारळाच्या सोडणाचे बारीक तुकडे, थोडा कोळसा, थोडी जाडसर नदीची वाळू. समुद्राची वाळू चालणार नाही, मिठाने काडी जाते. सोडणातही क्षार असतात, म्हणून दोन-तीन दिवस गोड्या पाण्यात भिजवून, पाणी बदलून मगच वापरा. पावसाळ्यात आपल्या हवेतच एवढी ओल असते की काडीवर पिशवी घालायची गरज नाही, उलट बुरशी येते. थंडीत आणि ऐन मार्च-एप्रिलमध्ये मात्र पारदर्शक पिशवी सैलसर घाला. उजेड भरपूर, पण दुपारचं ऊन नको.

मग थांबायचं. तीन आठवडे, कधी सहा. मुळं आली का हे बघायला काडी उपटणारे लोक आम्ही पाहिलेत. आमच्या घरातच एक होतं, नाव सांगत नाही. महिन्याने अगदी हलकेच ओढून बघा. अडली तर मुळं धरली आहेत.

आमच्या दोनपैकी एक काडी काळी पडली. दुसरीला आश्विनात डोळा फुटला. पुढे तिला पिठ्या ढेकूण लागले, ते कापसावर स्पिरिट घेऊन पुसले. फूल यायला तीन वर्षं गेली. फुलं गळली की त्यांचा आखूड देठ कापू नका, पुढच्या वर्षीची फुलं त्याच देठावर येतात.

मघाशी पुढच्या रांगेतून विचारलं गेलं, वेल चांगली असताना काडी कशाला काढायची? तेव्हाच काढायची. वादळानंतर काढायला वेल हातात असेलच असं नाही. आमच्याकडे २०२०च्या आधीची एक जरी काडी शेजारी दिलेली असती, तर तो श्रावण एवढ्या काळजीत गेला नसता.

दाराशी टोपलीत चौदा काड्या ठेवल्या आहेत, वहिनींच्या वेलीच्याच. जाताना एकेक घेऊन जा. प्रत्येकीच्या वरच्या टोकाला लाल दोरा बांधलाय. दोरा वर राहील अशी खोचा.