जुलैत वाळेल तोच कपडा

मोजके, एकमेकांशी जुळणारे कपडे ठेवावेत, म्हणजे सकाळी कपाटापुढे वेळ मोडत नाही आणि पैसाही वाचतो, ही ‘कॅप्सूल वॉर्डरोब’ची कल्पना लंडनच्या सूझी फॉ यांनी १९७०च्या दशकात आपल्या दुकानातून रुजवली. पुढे १९८५ साली न्यूयॉर्कच्या डोना कॅरन यांनी सात कपड्यांचा संच काढून ती नोकरदार बायकांपर्यंत पोहोचवली. कल्पना चांगलीच आहे. पण तिच्याबरोबर फिरणारी यादी, म्हणजे ट्रेंच कोट, ब्लेझर, लोकरी स्वेटर, दोन-तीन जीन्स, थंड हवेच्या शहरांत तयार झालेली आहे. ती जशीच्या तशी बोरिवलीच्या किंवा मुलुंडच्या घरात आणली, तर निम्म्या कपड्यांची वर्षभर घडी मोडत नाही आणि उरलेले पावसाळ्यात ओलेच राहतात. उपनगरात राहणाऱ्याने कपड्यांचा विचार वाळण्यापासून सुरू करावा. रंग, कट, फॅशन हे सगळं त्यानंतर, असं माझं म्हणणं आहे.

आपल्याकडे वर्षभरात तापमान फारसं बदलत नाही, बदलतो तो हवेतला ओलावा. सांताक्रूझला जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी २,२०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यातला ८००हून अधिक एकट्या जुलैत. त्या दिवसांत हवा आधीच पाण्याने भरलेली असते, त्यामुळे दोरीवरच्या कपड्यातलं पाणी उडता उडत नाही. त्यात घरं लहान. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींत आधी २२५, मग २६९ आणि आता ३०० चौरस फुटांचं घर मिळतं; जुन्या सोसायट्यांतल्या गॅलऱ्याही बहुतेकांनी कधीच खोलीत घेतल्या आहेत. मग कपडे वाळतात ते छताला टांगलेल्या दांड्यांवर, पंख्याखाली. अशा घरात जाड जीन्स धुतली की काय होतं ते हात लावून पाहण्यासारखं असतं. दुसऱ्या दिवशी पाय कोरडे लागतात, पण कमरेची पट्टी, खिशांची अस्तरं आणि जिथे कापड चारपदरी होतं त्या शिवणी तिसऱ्या दिवशीही दमट असतात. कुबट वास धरतो तो तिथूनच, आणि वर गरम इस्त्री फिरवली की तो अधिकच उठतो.

म्हणून किती कपडे हवेत याचं उत्तर कुठल्याही तयार यादीत नसतं, ते आपल्या दांडीवर असतं. समजा, एक कुर्ता जुलैत वाळायला दोन दिवस घेतो आणि इस्त्रीला एक दिवस जातो. रोज धुणं असेल तर एक अंगावर, दोन दांडीवर, एक इस्त्रीत आणि एक अडीअडचणीला, असे पाच पुरतात. सहावा म्हणजे चैन. खालचे कपडे पातळ असतील तर तीन-चारात भागतं. सहा कुर्ते आणि तीन सलवारी किंवा पँटी एकमेकांवर चालत असतील तर अठरा जोड्या होतात. पुरुषांच्या शर्ट-पँटचा हिशेबही हाच. अट एवढीच की खालचे रंग गडद आणि मोजके हवेत, कारण स्टेशनबाहेरच्या चिखलाचे शिंतोडे पहिल्यांदा तिथेच उडतात.

यावर कुणी म्हणेल, मग सगळं पॉलिएस्टरच घ्यावं, तासाभरात वाळतं. खरं आहे, पॉलिएस्टरचा धागा हवेतला ओलावा जवळजवळ धरतच नाही, जेमतेम अर्धा टक्का. सुती धागा आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के धरतो. पण ज्या गुणामुळे ते जुलैत लवकर वाळतं, त्याच गुणामुळे मे महिन्यात घाम टिपत नाही आणि अंगाला चिकटतं. शिवाय सुती म्हणजे उशिरा वाळणारं हेही अर्धंच खरं आहे. जाडीचा परिणाम मोठा असतो. मलमल किंवा पातळ केंब्रिकचा कुर्ता पंख्याखाली रात्रीत वाळतो, तर पोतं वाटावं इतकं जाड सुती कापड दोन दिवस खातं. मला पटणारी वाटणी अशी: अंगालगतचं वरचं कापड पातळ सुती, खालचं सुती-पॉलिएस्टर मिश्रणाचं. दुकानांत भरपूर दिसणारं रेयॉन मात्र जपून घ्यावं. ते सुतापेक्षा जास्त पाणी पितं आणि ओलं असताना कमजोर होतं, म्हणजे आपल्या पावसाळ्याला दोन्ही बाजूंनी गैरसोयीचं.

दुसरी कसोटी लोकलची. ऐन गर्दीत डब्यातल्या एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं उभी असतात. तिथे लोंबणारी ओढणी, घोळदार बाही, पायात येणारा पलाझो हे गैरसोयीचे आणि चढता-उतरताना धोक्याचेही. उलट कुर्त्याच्या बाजूच्या शिवणीत शिवून घेतलेला खोल खिसा, पास आणि मोबाइल मावेल एवढा, हा कुठल्याही ब्लेझरपेक्षा उपयोगी. २५ डिसेंबर २०१७ पासून एसी लोकल आली, त्याआधी २०१४ साली वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो. ऑफिसं तर थंडगार असतातच. तेव्हा घामातून गारव्यात जाणाऱ्याला एक पातळ पूर्ण बाह्यांचा शर्ट किंवा स्टोल पिशवीत हवाच. स्वेटरची गरज तेवढ्यावर भागते.

सगळ्यात जोरदार आक्षेप सणावारांचा असतो, आणि तो रास्त आहे. नवरात्रात नऊ दिवसांचे नऊ रंग ठरलेले असतात आणि त्या दिवशी बायकांचा अख्खा डबा एका रंगाचा होतो. लग्नसराईत पैठणी निघते. या आनंदावर कात्री चालवा, असं मी म्हणणार नाही. ठेवणीतले कपडे वेगळे मोजावेत, रोजच्या हिशेबात आणू नयेत, एवढंच. नऊ रंगांसाठी दरवर्षी नवे कुर्ते घेण्यापेक्षा बहिणी, जावा, मैत्रिणी यांच्यात साड्यांची देवाणघेवाण करावी. ती पूर्वापार चालत आलेली आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही. राहिला प्रश्न “कालही हेच घातलं होतं ना?” याचा. तीन पँटी वर्षभर फिरवणाऱ्या पुरुषाला हे कुणी विचारत नाही. बाईला विचारलं जातं, आणि त्या धाकाने ती दरमहा स्टेशनबाहेरून एक नवा टॉप घेते, जो आठ-दहा धुण्यांत विटतो. तीनशेचा कपडा दहा वेळा आणि नऊशेचा साठ वेळा घातला, तर पहिला प्रत्येक वेळी तीस रुपयांना पडतो, दुसरा पंधराला.

आणि या सगळ्यासाठी खरेदीला धावू नका. कपाट आधी रिकामं करा. गेल्या पावसाळ्यात जे दांडीवर तीन दिवस लोंबत होतं ते बाजूला काढा, पण टाकू नका. कोरड्या आठ महिन्यांत ते उपयोगी पडेल. लांबी कमी करणं, खिसा लावणं, उसवलेली शिवण घालणं ही कामं नाक्यावरचा टेलर करून देतो. जे खरोखर घातलंच जात नाही ते बोहारणीला द्या. नवीन घ्यायचंच असेल तर मे महिन्याच्या सेलमध्ये घेऊ नका, जूनच्या पहिल्या पावसानंतर घ्या: एकच कुर्ता आणा, रात्री धुऊन पंख्याखाली टाका, आणि सकाळी त्याची काख नि गळपट्टी कोरडी असेल तरच तसला दुसरा आणा.