फटफटीचा अ‍ॅव्हरेज आणि आपला ऊस



लागणीच्या नोंदी घ्यायला आम्ही गटात गेलो की हल्ली उसाआधी फटफटीचाच विषय निघतो. "साहेब, तुमच्या स्पिरिटानं गाडीचा अ‍ॅव्हरेज पडला ना जी!" जणू आम्हीच टाकीत ओतून येतो. पण तक्रार अगदीच खोटी नाही.

लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश उष्णता कमी असते. 20 टक्के मिसळले की लिटरमागे जवळपास 7 टक्के घट येते. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच जुन्या मोटारींचा अ‍ॅव्हरेज 6 ते 7 टक्के व दुचाकींचा 3 ते 4 टक्के घटेल असे लिहिले आहे. म्हणजे 60 देणारी गाडी 58 देईल. ती 40 वर आली असेल तर कार्बोरेटर मिस्त्रीला दाखवावा, उसाला बोल लावू नये. शिवाय मिसळलेले सगळे इथेनॉल उसाचे नसते. त्यात मका-तांदळाचाही मोठा वाटा आहे.

मात्र उष्णता कमी तर पंपावरचा दरही त्या मानाने कमी हवा, हे आमचे स्पष्ट मत आहे.

जपायचे ते पाण्याला. टाकीत पाणी शिरले तर इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्यासोबत तळाशी बसते, मग गाडी चालू होत नाही. पावसाळ्यात गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नये, झाकणाचे रबर पाहावे. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या कडक झाल्या असतील तर बदलाव्या. एप्रिल 2023 पासूनच्या नव्या गाड्यांत हे भाग 20 टक्के मिश्रणाला टिकणारे असतात.

आपल्या राज्यात मिश्रणाचा पहिला प्रयोग 2001 मध्ये मिरज व मनमाडला झाला. नागपूरकरांनी तर ऑगस्ट 2014 पासून 95 टक्के इथेनॉलवरची हिरवी बस पाहिली. डिझेलसारखे दाबाने पेटणारे इंजिन, पण इथेनॉल दाबाने सहज पेटत नाही. म्हणून दाब वाढवलेला आणि पेटायला मदत करणारे द्रव्य मिसळलेले. 2018 मध्ये ती सेवा थांबली, तीही देण्याघेण्याच्या वादात.

टनभर उसाच्या रसातून सुमारे 70 लिटर इथेनॉल निघते. डिसेंबर 2023 मध्ये सरकारने रसाच्या इथेनॉलवर बंधन आणले आणि पुढे 2024 मध्ये ते उठवले. आपल्या बिलाचा दोर असा दिल्लीत बांधलेला आहे राजेहो, म्हणून पंपावरची कुरकुर आम्ही हसण्यावारी नेत नाही.

पुढच्या गटसभेला टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल असा हिशोब वहीत लिहून आणावा. आम्हीही आमच्या जुन्या गाडीचा आणू.