बल्ब आधी, ट्रान्झिस्टर नंतर

महागडा अ‍ॅम्प्लिफायर बिघडला की चामोर्शीसारख्या तालुक्याच्या गावी मोठी पंचाईत होते. दुरुस्तीचे अधिकृत केंद्र नागपूरला, म्हणजे जवळपास २०० किलोमीटरवर. आत भलामोठा ट्रान्सफॉर्मर असलेला तो जडशीळ डबा एसटीत चढवायचा, तिकडे ठेवून यायचा आणि मग ‘पार्ट मागवलाय’ हे फोनवर ऐकत बसायचे. त्यापेक्षा लोक गावातल्या साउंड सर्व्हिसवाल्याला गाठतात, आणि त्यात काही वावगे नाही. दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटके सुरू झाली की रात्री उघडलेला पडदा पहाटेशिवाय मिटत नाही. तेवढा वेळ अ‍ॅम्प्लिफायरने दम धरायचा असतो. मध्यरात्री तो बसलाच तर भर मांडवात टॉर्चच्या उजेडात तो उघडून बसणारे हात या भागात तयार झाले आहेत.

अडचण एकच. मांडवात घाई असते. जळलेला भाग काढा, नवा टाका, चालू करा. घरच्या चांगल्या यंत्राला हीच सवय महागात पडते.

इथल्याच एका निवृत्त शिक्षकांच्या घरचे उदाहरण घेऊ. शास्त्रीय गाण्याचा शौक, त्यासाठी हौसेने घेतलेला अ‍ॅम्प्लिफायर. बटण दाबल्यावर काही सेकंदांत आतला रिले ‘टक्’ करतो आणि स्पीकर जोडले जातात. तो ‘टक्’ येईना. उघडून पाहिले तर एका बाजूचे आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट. बदलले, थोडा वेळ वाजला, पुन्हा गेले. दुकानदाराने माल डुप्लिकेट असेल म्हणून हात झटकले. शंका अगदीच खोटी नव्हती. सी-५२०० आणि ए-१९४३ ही जोडी बाजारात इतकी खपते की तिच्या नकलाही भरपूर मिळतात: वर नाव तेच, आत सिलिकॉनचा तुकडा मात्र बारीक. पण इथे दोष मालाचा नव्हता.

अशा अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आवाजाच्या लहरीचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर उचलतो, खालचा दुसरा. जिथे एकाकडून दुसऱ्याकडे काम जाते तिथे दोघेही क्षणभर बंद राहिले तर लहर मोडते आणि तानपुऱ्यासारखा बारीक झंकार खरबरीत होतो. म्हणून गाणे नसतानाही दोघांतून थोडा प्रवाह वाहता ठेवतात. मेख इथेच आहे. सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर साधारण ०.६ व्होल्टला उघडू लागतो, पण तापमान एका अंशाने वाढले की हा आकडा सुमारे २ मिलिव्होल्टने उतरतो. ३० अंश वाढले तर ६० मिलिव्होल्ट. ऐकायला किरकोळ, पण बेसवरचे व्होल्टेज तेच राहिले तर एवढ्या फरकाने प्रवाह सुमारे दहापट होतो. प्रवाह वाढला की उष्णता, उष्णतेने आणखी प्रवाह, आणि बघता बघता ट्रान्झिस्टर खलास. त्याला आवर घालायला एमिटरला अर्ध्या ओहमहूनही लहान रेझिस्टर असतात. शिवाय एक छोटा ट्रान्झिस्टर हीट सिंकवरच बसवतात. हीट सिंक तापली की तो बेसचे व्होल्टेज खाली आणतो. त्याची मात्रा ठरवतो एक इवलासा प्रीसेट, स्क्रू ड्रायव्हरने फिरवायचा.

शिक्षकांच्या यंत्रात बिघडला होता तो हा प्रीसेट. पावसाळ्यातल्या ओलीने त्याच्या पट्टीवर गंज धरला होता आणि सरकता काटा अधूनमधून टेकतच नव्हता. काही सर्किटांत काटा सुटला की प्रवाह कमी होतो, काहींत तो थेट कमाल पातळीवर जातो. हे दुसऱ्या जातीचे निघाले. असे सर्किट काढणाऱ्या इंजिनिअरचा मला राग येतो. हजारो रुपयांच्या यंत्राचा जीव त्याने एका काट्यावर टांगला होता.

हे शोधायचे कसे? आधी प्लग काढायचा. तरीही हात घालायचा नाही, कारण कंडेन्सर भरलेले असतात. १०,००० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ५० व्होल्टला असेल तर त्यात साडेबारा ज्यूल ऊर्जा साठते. स्क्रू ड्रायव्हर टेकवून तो ‘उडवणे’ ही मर्दुमकी नव्हे. साधारण ४७० ओहम, १० वॉटचा रेझिस्टर प्लास्टिकच्या मुठीच्या क्लिपने अर्धा मिनिट लावून ठेवावा आणि मीटरने खात्री करावी. मग डायोडच्या खुणेवर मीटर ठेवून ट्रान्झिस्टर तपासायचे. कलेक्टर-एमिटर दोन्ही दिशांनी शून्याजवळ दाखवत असतील तर तो गेला. पण तिथेच थांबू नये. एमिटरचे रेझिस्टर, आधीच्या टप्प्यातले ड्रायव्हर ट्रान्झिस्टर आणि प्रीसेटसुद्धा पाहावा.

नवे भाग टाकल्यावर सरळ भिंतीतल्या प्लगात खुपसणे, हाच खरा घात. फ्यूज वाचवेल म्हणावे तर तो वितळायच्या आत ट्रान्झिस्टर गेलेला असतो. यावर कारागिरांचा जुना उपाय म्हणजे सिरीज बोर्ड: यंत्राच्या वाटेत १०० वॉटचा तारेचा बल्ब. त्यातून २३० व्होल्टला जास्तीत जास्त ०.४३ अँपियर वाहू शकतो. आत शॉर्ट असला तरी सारा भार बल्बच झेलतो. गंमत टंगस्टनच्या तारेत आहे. थंड असताना तिचा रोध चाळीसएक ओहम, पांढरी झाल्यावर ५२९. यंत्र ठीक असेल तर कंडेन्सर भरताना बल्ब लखकन पेटतो आणि मंदावतो. तसाच पेटता राहिला तर बटण बंद करावे. दुरुस्ती झालेली नाही. एलईडी बल्ब इथे उपयोगाचा नाही. तारेचे बल्ब दुकानांतून नाहीसे होत चालल्याने शहाणे कारागीर ते जपून ठेवतात.

एक इशारा. वजनाने हलक्या नव्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये स्विचिंग सप्लाय असतो. त्यात २३० व्होल्टचे सरळ डीसी करून ३२५ व्होल्ट कंडेन्सरवर उभे असतात. ही वाट घरच्या हौशी माणसाची नव्हे.

शिक्षकांच्या यंत्रात नवा बंद प्रकारचा प्रीसेट बसवला. बल्ब मंदावला. तो काढल्यावरही स्पीकर लगेच जोडले नाहीत. आधी आउटपुटला डीसी पाहिले. तिथे काही व्होल्ट निघाले असते तर स्पीकरची कॉइल भाजली असती, पण भरले २० मिलिव्होल्ट. मग ०.२२ ओहमच्या एमिटर रेझिस्टरवर मीटर लावून प्रीसेट हळूहळू फिरवला, ११ मिलिव्होल्टपर्यंत, म्हणजे ५० मिलिअँपियर. अर्ध्या तासात आकडा १४ वर गेला आणि १२ ला येऊन थांबला. हे झाले जानेवारीत. मे महिन्यात या भागात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा झाकण पुन्हा उघडून तोच आकडा बघायचे ठरले आहे.