गावची शाळा आणि घरातली चार मते

आमच्या आचऱ्यात श्रीदेव रामेश्वराचा रामनवमी उत्सव संस्थानी थाटात होतो. त्या दिवसांत मुंबईकडील मंडळी घरी येतात, ओटीवर बैठक बसते, आणि येत्या जूनमध्ये मुलांना कोणत्या शाळेत घालावयाचे हा विषय निघाल्यावाचून राहत नाही. यंदा तो आमच्याच घरात निघाला. धाकट्या नातीचे नाव पहिलीत घालावयाचे होते. मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत ३६ वर्षे शिकविले असल्यामुळे माझे मत सर्वांनी गृहीत धरले, आणि म्हणूनच बहुधा कोणी ते विचारले नाही.

पुतण्या म्हणाला, “मी याच शाळेत शिकलो, माझे काय अडले? पोरीने गावातच चालत जावे.” मुंबईचे व्याही म्हणाले, “तुमचा काळ निराळा होता. आता इंग्रजीवाचून पुढे रस्ता नाही.” सूनबाई हळूच म्हणाल्या, “भाऊ, शाळेबद्दल माझी तक्रार नाही. पण तिच्या वर्गात तिच्या वयाची मुले तरी किती असतील?” इतक्यात पिरावाडीचे एक गृहस्थ काही कामानिमित्त आले होते, ते पायरीवरूनच म्हणाले, “गुरुजी, माझो झील थंयच शिकता. बाई बरी आसा. पण तिका एकटीक चार वर्ग. तिणा तरी काय करूचा?”

एकाच शाळेविषयी ही चार मते! आमच्या शास्त्रकारांनी अंधगजन्याय सांगितला आहे, तो येथे सहज आठवावा. परंतु मला त्याहून निराळे वाटले. या चौघांपैकी कोणीही आंधळा नव्हता. प्रत्येकाने निरनिराळी वस्तू मोजली होती. पुतण्याने आपली आठवण मोजली, व्याह्यांनी पुढील नोकरी मोजली, सूनबाईंनी सोबत मोजली. प्रत्यक्ष शाळा काय ती एका पिरावाडीकराने पाहिली होती. कारण त्याचा मुलगा आज तेथे बसत होता.

व्याह्यांच्या आक्षेपाचे उत्तर सोपे आहे. महाराष्ट्रातील मराठी शाळांत इंग्रजी हा विषय २००० सालापासून पहिलीपासून शिकविला जातो. भाषा शिकणे वेगळे, आणि न समजणाऱ्या भाषेत गणित शिकणे वेगळे. ज्या मुलाला ‘हातचा’ म्हणजे काय हे आपल्या भाषेत उमगले, त्याला तेच पुढे कोणत्याही भाषेत सांगता येते. सूनबाईंच्या प्रश्नाचे उत्तर मात्र सोपे नाही, आणि ते टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल.

शिक्षकांच्या जागा पटावर ठरतात. २००९ सालच्या शिक्षणहक्काच्या कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक असावयास हवेत. म्हणजे भरल्या शाळेतही दोघांनी पाच वर्ग सांभाळावयाचे. त्यांतील एक रजेवर गेला, अथवा एक जागा रिकामी राहिली, की सर्व वर्ग एकट्यावर येतात. मी स्वतः असे वर्ग चालविले आहेत. पहिलीचे वाचन ऐकावे तोवर तिसरीला उदाहरणे घालावीत. चौथीतील हुशार मुलाने दुसरीचे पाढे म्हणून घ्यावेत. त्यात एक लाभही असतो. धाकटी मुले मोठ्यांचा धडा कानाने शिकतात. परंतु शिक्षकाने आजारी पडावयाचे नाही, अशा हिशेबावर शाळा फार दिवस चालत नाही. मग लोक म्हणतात, “तेथे शिक्षक कोठे आहेत?” आणि आपले मूल काढून घेतात. पट आणखी घटतो, जागा आणखी कमी होते, आणि पालकांचे मत खरे ठरते. ते मत खरे ठरविण्यात आपलाही हात होता, हे मात्र कोणी लक्षात घेत नाही.

हे मी दुसऱ्यांना शिकविण्यासाठी लिहीत नाही. माझ्या मुलाला मी तिसरीनंतर तालुक्याच्या गावी आप्तांकडे ठेवले होते. ज्या शाळेत मी इतरांची मुले शिकवीत होतो, ती माझ्या मुलाला पुरेशी वाटली नाही. तेव्हा एका पालकाने मला सरळ विचारले, “गुरुजी, तुमचा मुलगा कोठे दिसत नाही?” त्या प्रश्नाचे उत्तर मला आजतागायत देता आलेले नाही.

या शाळा आपल्याला सुखासुखी मिळालेल्या नाहीत. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. त्याची मागणी न्यायाची असली तरी त्याला घेतल्यास बहुसंख्य लोकांना शाळा नकोशी होईल, या विचाराने मुंबई सरकारने तो नाकारला. १८५८ मध्ये कंपनीच्या संचालकांनी सरकारी शाळा सर्वांस खुल्या असल्याचे ठरविले, तरी निराळे बसविणे पुढे कित्येक वर्षे चालूच राहिले. आमचा हा भाग १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात होता. त्या रत्नागिरीत स्थानबद्ध असताना सावरकरांना शाळेतील मुले सरमिसळ बसावीत एवढ्यासाठी चळवळ करावी लागली. त्या विरोधात आपल्यासारख्या घरांचाही वाटा होता, हे मान्य करण्यास संकोच नको. याच रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. पुढील वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. जो हक्क त्यांनी मागितला, तो कायद्याने अमलात आला १ एप्रिल २०१० रोजी.

आज कोणी कोणाला निराळे बसवीत नाही. ज्यांना फी आणि गाडीभाडे परवडते ते निघून जातात, ज्यांना परवडत नाही ते राहतात. पंक्ती पुन्हा निराळ्या झाल्या. फक्त वाढप्याने त्या लावल्या नाहीत, आपण आपल्या पायांनी उठून गेलो. आणि ज्याला अर्ज लिहिता येतो, अधिकाऱ्यापुढे उभे राहता येते, तोच गेल्यावर रिकाम्या जागेबद्दल विचारणार कोण?

म्हणून माझी वाचकांना एवढीच विनंती आहे. मत देण्यापूर्वी एक दिवस शाळेत जाऊन तासभर बसावे. न शिकविलेले पान मुलाला वाचता येते का, हे पाहावे. चार दिवस न आलेल्या मुलाची चौकशी कोणी केली का, ते विचारावे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असा नियम आहे. त्या खुर्च्या शोभेसाठी नाहीत. हे सर्व करूनही शाळा पसंत न पडली, तर मूल अन्यत्र घालण्याचा आईबापांचा अधिकार मी नाकारीत नाही. परंतु मग ते पाहून केलेले मत असेल.

सूनबाई उत्सव संपल्यावर खरोखरच जाऊन आल्या. सायंकाळी देवापुढे दिवा लावून झाल्यावर म्हणाल्या, “भाऊ, बाई चांगल्या आहेत, पण एकट्या आहेत. आपण नाव घालू या. पण दुसऱ्या शिक्षकासाठी अर्ज तुम्ही लिहायचा, आणि तो घेऊन मी जायचे.” मी त्याच रात्री कागद घेऊन बसलो.

आमच्या गावात गावपळणीची चाल आहे. काही वर्षांच्या अंतराने सारा गाव, जातधर्म न पाहता, गुरावासरांसह तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहतो. देवाचा कौल मिळाला की सर्वजण परत येतात. बाहेर कोणी राहत नाही. शाळेतून उठून गेलेल्यांना परत बोलावणारा कौल कोणत्या देवळात मिळणार? तो घरच्या ओटीवरच द्यावा लागेल.