हिरा, साखरपुडा आणि एक जाहिरात

साखरपुड्याच्या अंगठीचा विषय निघाला की ‘अ डायमंड इज फॉरेव्हर’ (हिरा चिरंतन असतो) हे वाक्य कुणाच्या तरी तोंडून येतंच. हप्ते पाडून अंगठी घेणाऱ्या मुलामुलींना त्यामागचं खरं ठाऊक असावं, असं मला मनापासून वाटतं.

गैरसमज : ही पाश्चात्त्यांची पूर्वापार चालत आलेली म्हण आहे.

हे वाक्य १९४७ साली फ्रान्सिस गेरेटी या जाहिरात-लेखिकेने लिहिलं. त्या एन. डब्ल्यू. आयर या अमेरिकी जाहिरातसंस्थेत होत्या आणि ग्राहक होती हिऱ्यांची कंपनी डी बीअर्स. राजघराण्यांत हिऱ्याची अंगठी देण्याची चाल जुनी आहे. ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियनने १४७७ मध्ये बर्गंडीच्या मेरीला ती दिल्याचा दाखला नेहमी देतात. पण सामान्य घरातल्या लग्नालाही हिरा हवाच, हा आग्रह प्रामुख्याने विसाव्या शतकातल्या जाहिरातींनी रुजवला. जपानचं उदाहरण बोलकं आहे. १९६७ मध्ये तिथे हिऱ्याच्या अंगठीची जाहिरात-मोहीम सुरू झाली, तेव्हा लग्न ठरलेल्या शंभर मुलींपैकी पाच जणींनाही हिऱ्याची अंगठी मिळत नव्हती. १९८१ पर्यंत ती सुमारे साठ जणींना मिळू लागली. अवघ्या चौदा वर्षांत ‘परंपरा’ तयार झाली!

गैरसमज : खरा हिरा ऐरणीवर घण मारला तरी फुटत नाही.

ही समजूत आपल्याकडेही खोल रुजलेली आहे, संतवाङ्मयातसुद्धा ती आढळते. पण कृपा करून घरी परीक्षा घेऊ नका. हिरा सर्वांत कठीण आहे तो ओरखड्याच्या बाबतीत. कठीणपणा मोजणाऱ्या मोसच्या कोष्टकात त्याला पूर्ण १० अंक आहेत. घाव सोसणं हा वेगळा गुण. हिऱ्यातल्या कार्बन अणूंची मांडणी अशी असते, की चार ठरावीक दिशांना तो सहज दुभंगतो. पैलू पाडणारे कारागीर या दिशा हेरूनच कच्चा हिरा फोडत आले. हिरा जळतोसुद्धा. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिएने १७७० च्या दशकात मोठ्या भिंगाने सूर्यकिरण एकवटून हिरे जाळले होते. नेहमीच्या दाबाला तर कार्बनचं खरं स्थिर रूप ग्रॅफाइट हे आहे. हा बदल इतका मंद असतो, की अंगठीला त्याची मुळीच भीती नाही. पण ‘चिरंतन’ म्हणणं विज्ञानाला धरून नाही.

गैरसमज : प्रयोगशाळेतला हिरा नकली.

नाही. तोच कार्बन, तीच रचना. १९५४ पासून असे हिरे बनताहेत.

गैरसमज : हिरा म्हणजे सोन्यासारखी ठेव.

सोन्याला रोजचा जाहीर भाव असतो, हिऱ्याला नसतो. त्यामुळे विकायला गेलं की बहुधा खरेदीपेक्षा बरीच कमी रक्कम हाती येते. प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांचे भाव तर गेल्या काही वर्षांत फारच उतरले. म्हणून अंगठी आवडली तर जरूर घ्या. मात्र हिरा खाणीतला की प्रयोगशाळेतला हे प्रमाणपत्रावर वाचा आणि दुकानदार तो किती टक्क्यांनी परत घेईल, हे पैसे देण्याआधी बिलावर लिहून घ्या.